चौघींचा एकच आकडा

आमच्या ऑफिसात येणाऱ्या निम्म्या लोकांना उत्तर नको असतं, शिक्का हवा असतो. उत्तर ते घरूनच घेऊन येतात. ताकाला येऊन भांडं लपवणारे एक वेळ परवडले. हे ताक पिऊन येतात आणि वर म्हणतात, चव चांगली होती असं तुम्ही लिहून द्या. मी संख्याशास्त्राचं काम करतो. लोकांना वाटतं माझा दिवस आकड्यांशी भांडण्यात जातो. तसं नाही. आकडे बिचारे गरीब असतात, भांडावं लागतं ते घाईत असलेल्या माणसांशी.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की रबराचा वास येतो, बंद केली की उकडतं. आतल्या खोलीत बाई बसतात, बाहेरच्या खोलीत मी. बाई म्हणजे आमच्या मालकीण. पूर्वी त्या शिकवायच्या, आणि ती सवय अजून गेलेली नाही. मी चहा कसा ढवळतो यावरही त्यांचं एक मत आहे.

पण त्यांचा एक नियम मला पटतो, आणि पुढची सगळी गोष्ट त्या नियमाची आहे, म्हणून तो सांगून टाकतो. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे बघायचं, तर कागदावर ठिपके मांडायचे आणि त्यांच्यामधून एक सरळ रेघ काढायची. याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. प्रत्येक ठिपका रेघेच्या थोडा वर नाहीतर थोडा खाली राहतो. जेवढा राहिला तेवढा त्याचा शेष. गिऱ्हाईक रेघ बघतं, बाई शेष बघतात. ठिपके खरंच सरळ जाताहेत की मध्येच वाकलेत? पसारा सगळीकडे सारखा आहे की एका टोकाला विस्कटलाय? दोनचार ठिपकेच रेघेला आपल्याकडे ओढून नेत नाहीत ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, की एकाचं बघून दुसरा बोलतोय? एवढं तपासून मी खाली सही करेपर्यंत निकालाचा कागद टेबलावर पालथा असतो आणि त्याच्यावर एक गंजका बोल्ट ठेवलेला असतो. निकाल आधी पाहिला की डोळे फितूर होतात, असं बाई म्हणतात.

त्या दिवशी जो साहेब आला, त्याने निकाल उताणाच आणला होता. शर्टाची घडी इतकी कडक होती की मी मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्री ठेवलं. इंजेक्शनच्या औषधासाठी काचेच्या छोट्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याचा तो मॅनेजर. तिथे अठ्ठेचाळीस बायका दिव्याखाली बसून प्रत्येक बाटली फिरवून बघतात. तडा असेल, बुडबुडा असेल तर ती बाजूला काढतात. त्यांच्या नजरेतून सुटलेली बाटली पुढे पॅकिंगला सापडली तर परत येते. कोणाच्या हातून किती बाटल्या परत आल्या आणि तिचं वय किती, एवढं इस्त्रीने मांडलं होतं. रेघ वर जात होती.

"पी-व्हॅल्यू बघा," तो म्हणाला. "हे योगायोगाने होणं जवळजवळ अशक्य आहे. पन्नाशीच्या वरच्या बायकांना आम्ही दिव्यावरून काढतोय. वरच्या लोकांना बाहेरच्या तज्ज्ञाची सही हवी, म्हणून आलो."

"काढून कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"ठेवायला जागा नाही. हिशोब चुकता करून मोकळं करणार. हे बघा, मला हौस नाही. तडा गेलेली बाटली एखाद्या पेशंटपर्यंत गेली तर?"

यात तो चुकीचं काही बोलत नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. कारण कागदावरचं कारखान्याचं नाव मी वाचलं होतं. माझी वहिनी तिथे दिव्याखाली बसते. मी चौथीत असताना ती लग्न होऊन आमच्या घरात आली. आई नुकतीच गेली होती. माझ्या शर्टाची बटणं तिने लावली, माझ्या परीक्षांचा धसका तिने घेतला, आणि दादाची फिरतीची नोकरी सुटली तेव्हा माझी फी तिने याच बाटल्या तपासून भरली. तिला आता त्रेपन्न पूर्ण आहेत.

इस्त्री गेल्यावर मी आत जाऊन बाईंना सगळं सांगितलं, त्याच्या नव्या नावासकट.

"मग हे काम तू करू नकोस," बाई म्हणाल्या.

"आपण दोघंच आहोत. तुम्ही करणार?"

बाईंनी चष्मा काढला. "तूच कर. पण ओळ न् ओळ मी बघणार. आणि एक लक्षात ठेव. निकाल तू पाहून बसलायस. आता जे काही शोधशील ते वहिनीसाठी शोधतोयस की शोधायचं असतं म्हणून, हे मी दर वेळी विचारणार."

"विचारा," मी म्हणालो. मनात म्हटलं, दोन्हीसाठी शोधलं तर काय बिघडलं?

इस्त्रीने ओळी वयाप्रमाणे लावल्या होत्या. धाकटी वर, मोठी खाली. बघायला सोपं पडावं म्हणून. अगदी उजवीकडे टेबल नंबरचा एक रकाना होता, तिकडे कोणी फिरकलंही नसावं. मी ओळी टेबलाप्रमाणे लावल्या आणि शेषांचं चित्र काढलं. एका टेबलावर चार बायका, अशी बारा टेबलं. एक टेबल चारही ठिपक्यांसकट रेघेखाली, पुढचं चारही ठिपक्यांसकट रेघेवर. सगळे चार-चारच्या झुबक्यांत, एका माळेचे मणी. मूळ आकडे पाहिले तर एका टेबलावरच्या चौघींच्या परतीच्या बाटल्यांत जेमतेम एकाचा फरक.

अठ्ठेचाळीस माणसं कधी अशी चुकत नाहीत. हे अठ्ठेचाळीस साक्षीदार नव्हतेच. बारा साक्षीदार होते आणि प्रत्येकजण चार-चार वेळा बोलला होता. इस्त्रीच्या गणिताने ते अठ्ठेचाळीस वेगळे धरले, म्हणून त्याला एवढी खात्री वाटली. त्यात सात नंबरच्या टेबलाचे ठिपके सगळ्यांत उंच, आणि त्यावरच्या चौघी सगळ्यांत वयस्क. सोबत कामाला लागलेल्या बायका सोबत बसतात, त्यामुळे वयंही एका टेबलावर जवळपास. रेघेला वर ओढत होतं ते बरंचसं हे एक टेबल.

मी जवळजवळ धावतच आत गेलो. बाईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"कारण?"

"कारण काय? दिसतंय ना!"

"झुबका दिसतोय. तो का आहे ते दिसत नाही. कारण लिहिलं नाहीस तर तो इस्त्री म्हणेल, यांनी आकड्यांशी खेळ केला. आणि मलाही तसंच वाटेल. जाऊन बघून ये."

इस्त्रीने मला तपासणीच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. खोली अंधारी, प्रत्येक टेबलावर एक दिवा, दिव्यामागे अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. प्रत्येक बाई बाटली उचलते, काळ्यापुढे फिरवते, पांढऱ्यापुढे फिरवते, ठेवते. बोलणं नाही, नुसता काचेचा बारीक आवाज. बायका डोळ्यांत तेल घालून काम करत होत्या, आणि असं काम मी तरी तासभरही करू शकलो नसतो. सात नंबरचं टेबल बंद खिडकीच्या बाजूला होतं. वहिनी बाटली अगदी नाकाशी धरून बघत होती. तिने ट्रे भरला की शेजारची बाई काही न बोलता तो आपल्याकडे ओढायची, बाटल्यांवरून पटकन एकदा नजर फिरवायची आणि मग पुढे ढकलायची. मधूनच एखादी काढून टाकायची. वहिनी तिकडे बघायची नाही. हे इतकं सवयीचं झालेलं होतं की इस्त्रीच्या ते लक्षातही आलं नाही.

मी तिथूनच घरी निघालो.

घरी संध्याकाळी वहिनी भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. ही आमची जुनी वाटणी. एका ताटाला कडेला काहीतरी चिकटलेलं होतं. मी ते नळाखाली धरून हळूच साफ केलं. हल्ली असं बऱ्याचदा व्हायचं. दमून येते, उरकून टाकते, असं मी धरून चाललो होतो.

"वहिनी, तुमच्याकडे एका टेबलावरच्या चौघींचे आकडे सारखे कसे येतात गं?"

"वाटून घेतो म्हणून." तिने मान वर केली नाही. "परत आलेल्या बाटल्या कोणाच्या ते आम्हीच लिहून द्यायचं असतं. मुकादम नुसती बेरीज बघतो. एखादीचं पोर आजारी असतं, एखादी रात्रभर जागलेली असते. तिच्या एकटीच्या नावावर कशाला? चौघींत सारख्या. मी लागले त्याच्या आधीपासून असंच आहे."

"आणि समान वाटणी झाली नाही तर? उरलेली एक कोणाची?"

"जिने त्या दिवशी सगळ्यांत जास्त बडबड केली असेल तिची." ती हसली. "बहुतेक माझीच."

मी हसलो नाही. "तुमच्या टेबलाचा आकडा सगळ्यांत मोठा आहे."

ती तेच ताट घासत राहिली.

"आज तू दारात उभा होतास ना?" ती म्हणाली. "कोणीतरी उभं आहे एवढं दिसलं. तू आहेस ते चालण्यावरून ओळखलं."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. आधी दिव्याभोवती नुसतं वलय दिसायचं. आता सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं."

"आणि डॉक्टर?"

"माझ्या आईने डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं. त्या डोळ्याने तिने पुन्हा काही पाहिलं नाही. आणि डॉक्टरकडे गेले असते तर कागद झाला असता. कागद झाला की तो आमच्या साहेबापर्यंत गेला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले."

मला तिचा राग आला, तिच्या टेबलावरच्या तिघींचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या झुबक्याचा आला, जो शोधून मी सकाळी उड्या मारत होतो. कारण आता दोनच वाटा होत्या. वाटणीची गोष्ट लिहिली नाही, तर इस्त्रीची रेघ खरी ठरणार आणि पन्नाशीच्या वरच्या सगळ्याच घरी बसणार. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातला प्रकार. लिहिली, तर बाकीच्या वाचणार, पण कारखाना उद्यापासून प्रत्येकीची वेगळी मोजणी सुरू करणार, आणि मग पहिल्याच आठवड्यात एकटी वहिनी उघडी पडणार. मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे मी सगळ्यांबरोबर जायचं की एकटीने, एवढंच उरलंय," ती म्हणाली.

"मी काही लिहू नये असं म्हणालीस तर—"

"मी तसं कशाला म्हणेन?" तिचा आवाज चढला. "सात नंबरवर तिघींनी मला सांभाळलं. आता माझ्यापायी त्यांचीच नोकरी घालवू? तुला शिकवलं ते यासाठी? लिही. पण उद्या दुपारपर्यंत थांब. माझ्या टेबलावरच्यांना हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी तिने आधी त्या तिघींना सांगितलं आणि मग स्वतः इस्त्रीच्या केबिनमध्ये गेली. तिथे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. मला एवढंच माहीत आहे की दुपारी ती घरी आली होती आणि पंखा लावून स्वस्थ बसली होती.

मी अहवाल लिहिला. आकडे अठ्ठेचाळीस बायकांचे नसून बारा टेबलांचे आहेत. टेबलं धरून हिशोब केला तर रेघेचा चढ योगायोगापासून वेगळा ओळखता येत नाही. सात नंबरचं टेबल वगळलं तर रेघ जवळजवळ आडवी होते. शेवटी मी जोरात लिहून टाकलं: वयाचा चुकांवर काहीही परिणाम होत नाही.

बाईंनी त्या वाक्यावर काट मारली. "हे तुला कोणी सांगितलं? वहिनीने?"

"दिसतंय ना आकड्यांत."

"आकड्यांत एवढंच दिसतंय की या माहितीवरून काही म्हणता येत नाही. परिणाम आहे असं म्हणता येत नाही, तसं नाही असंही म्हणता येत नाही. इस्त्रीने घाई केली म्हणून तूही त्याच गाडीत बसणार?"

मी गुपचूप वाक्य बदललं. पुढे दोन शिफारशी जोडल्या: मोजणी वेगवेगळी करा, आणि दिव्याखाली बसणाऱ्या प्रत्येकीचे डोळे तपासा, वय कितीही असो. बाईंनी शिक्का मारला. इस्त्रीने अहवाल हातात घेतला तेव्हा त्याचा चेहरा शर्टासारखाच होता, पण त्याने तो वर पाठवला. त्याचं हे मला मान्य करावंच लागेल.

कोणालाही काढलं नाही. डोळे तपासले तेव्हा तीन बायकांचे खराब निघाले. एक वहिनी, तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उरलेल्या दोघींपैकी एक तर सव्वीस वर्षांची पोरगी होती. तिला चष्मा लागला होता आणि लग्न ठरेपर्यंत घालायचा नाही असं घरच्यांनी सांगितलं होतं. वहिनीला बिनपगारी रजा मिळाली. ऑपरेशन करून दाखला आणला की परत घेऊ, असं इस्त्रीने तोंडी सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनी कोणाशी बोलली नाही. दादा तिच्याभोवती नुसता घुटमळत होता. त्याला धीर देता येत नाही, कधीच आला नाही.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी आम्ही सगळे घरी होतो. दादा, मी आणि कॉलेजातली माझी पुतणी. वहिनी सगळ्या घरभर फिरली. भिंत बघितली, पडदा बघितला, दादाला बघून "तुम्ही एवढे पिकलात कधी?" म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरची ताटं एकेक काढून खिडकीजवळ धरू लागली. बाटल्या फिरवतात तशी ती ताट फिरवत होती.

"ही एवढी स्वच्छ कशी?" ती म्हणाली. "मी अंदाजाने घासायचे. मला वाटायचं, डाग राहत असतील, पण कोणी काही बोलत नाही म्हणजे ठीकच निघत असतील."

मग दादाने घसा साफ केला. "सकाळी तू आंघोळीला गेलीस की मी एकदा हात फिरवायचो."

"बाबा, तुम्ही?" पुतणी म्हणाली. "मी कॉलेजातून आल्यावर सगळी धुऊन ठेवायचे."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. "पुसताना," मी म्हणालो.

म्हणजे आमच्या घरात एकेक ताट दिवसाला चार वेळा धुतलं जात होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे. पुतणीला हसू फुटलं. दादालाही फुटलं. मीही हसणारच होतो, तेवढ्यात वहिनीचा चेहरा दिसला.

"तुम्हाला तिघांनाही माहीत होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं. आणि एकानेही मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं नाही."

"आम्हाला वाटलं, तू दमतेस..." दादा म्हणाला.

"मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात. त्या तिघीही म्हणूनच गप्प बसल्या." तिचा स्वर रागाचा नव्हता, आणि ते जास्त लागलं. "मी मात्र रोज बाटल्या पुढे ढकलत होते. एखादी सुटली असती तर?"

मी माझ्या खुर्चीत बसून लोकांच्या ठिपक्यांना विचारतो, तू स्वतंत्र आहेस का, की शेजाऱ्याचं बघून बोलतोयस? तो प्रश्न घरी विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली आणि मी तसं तिला म्हणालोही. ती फक्त "हं" म्हणाली.

दुसरा डोळाही नीट झाला आणि इस्त्रीने शब्द पाळला. वहिनी पुन्हा सात नंबरवर बसते. आता प्रत्येकीच्या ट्रेवर वेगळी चिठ्ठी असते. कोणाचं पोर आजारी असलं तरी आकडा तिचा तिच्याच नावावर लागतो. त्या तिघींपैकी एक वहिनीशी अजून बोलत नाही. वाटणी गेली ती हिच्यामुळे, असं ती म्हणते, आणि ते खोटं नाही. कारखान्यातून येणाऱ्या बाटल्या आता जास्त चांगल्या असतात, हेही खोटं नाही. या दोन्हींची बेरीज कशी करायची ते मला येत नाही. बाईंना विचारलं तर त्यांनाही आलं नाही.

त्या पट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने नळापाशी गेलो आणि फडकं घेतलं. वहिनीने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि ताटं चार जागी मांडली.

"आजपासून ज्याचं ताट त्याने घासायचं," ती म्हणाली. "आणि नीट घासा. मला आता दिसतं."